चौदा वर्षे कशी मोजायची? एका जन्मठेपेच्या बंद्याच्या मुदतपूर्व सुटकेचे प्रकरण

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका शेतकऱ्याचे आहे. कारागृहात सगळे त्याला मामा म्हणत, इथेही तेच नाव ठेवले आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, काही नाती आणि काही तारखा बदलल्या आहेत. मी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरची वकील. २०२२ च्या दिवाळीनंतर मामाची बायको पहिल्यांदा आमच्याकडे आली आणि मार्च २०२५ मध्ये मामा सुटला. मधल्या काळात आमच्या हातून जे नीट झाले आणि जे चुकले, ते दोन्ही लिहिते आहे, कारण याच वाटेवर अजून बरेच बंदी आणि त्यांची घरे उभी आहेत.

पार्श्वभूमी

ऑक्टोबर २००७. सोयाबीनची काढणी चालू होती. सामाईक बांधावरच्या बाभळीवरून मामाचे आणि त्याच्या चुलत भावाचे भांडण झाले. बांध कुणाचा, हा वाद वडिलांच्या काळापासूनचा. मामाच्या हातात कुऱ्हाड होती, थोरल्या भावाच्या हातात काठी. चुलत भाऊ जागीच गेला. मामाचे वय तेव्हा चौतीस, मुलगी चार वर्षांची.

दोघे भाऊ त्याच दिवशी अटकेत गेले, जामीन झाला नाही. ऑगस्ट २०१० मध्ये सत्र न्यायालयाने दोघांनाही भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ (खून) सह ३४ (समान इरादा) खाली जन्मठेप दिली. अपील चालायला सहा वर्षे लागली. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने थोरल्याचा समान इरादा मान्य केला नाही. त्याची शिक्षा साध्या दुखापतीच्या कलमावर आणली, भोगली तेवढी पुरे म्हणून त्याला सोडले. मामाची जन्मठेप कायम राहिली, पण आता एकट्याच्या कृत्याबद्दल, नुसत्या ३०२ खाली. हा २०१६ चा निकाल लक्षात ठेवावा, पुढचे सगळे त्याच्यावर फिरते.

मामाची वागणूक चांगली होती. सुतारकामाच्या कारखान्यात तो शिकला आणि पुढे इतरांना शिकवू लागला. संचित रजेवर (फर्लो) गेला तेव्हा प्रत्येक वेळी ठरल्या दिवशी परत आला. वडिलांच्या मृत्यूच्या वेळी आणि पुढे २०१७ मध्ये मिळून नव्वद दिवसांची अभिवचन रजा (पॅरोल) झाली होती. बाहेर लोक दोन्हींना 'पॅरोलवर आला' असेच म्हणतात, पण महाराष्ट्राच्या १९५९ च्या नियमांत या दोन रजा वेगळ्या आहेत. संचित रजेचे दिवस माफी, म्हणजे शिक्षेतली सूट, म्हणून धरतात. अभिवचन रजेचे धरत नाहीत.

कोरोनाची रजा

८ मे २०२० रोजी राज्य सरकारने त्याच नियमांत दुरुस्ती केली आणि आकस्मिक अभिवचन रजेची सोय झाली. सात वर्षांहून जास्त शिक्षा असलेल्या बंद्याने मागच्या दोन्ही वेळी वेळेवर हजेरी दिली असेल तर त्याला पंचेचाळीस दिवस सोडायचे, साथरोग कायद्याची अधिसूचना लागू असेपर्यंत तीस-तीस दिवसांनी मुदत वाढवायची, आणि बंद्याने महिन्यातून एकदा जवळच्या पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची. बराकी तुडुंब भरलेल्या होत्या, आजार आत शिरला होता. निर्णय योग्यच होता, आणि तो घाईत घ्यावा लागला हेही खरे.

मामा ८ जून २०२० ला बाहेर पडला. बायको २०११ पासून तालुक्याच्या गावी भावाकडे राहत होती, वसतिगृहाच्या खानावळीत कामाला होती. मामा तिथेच राहिला. फर्निचरच्या एका दुकानात काम मिळाले. मालकाला सगळे सांगितले होते. आधारची पहिली नोंदणी २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत झाली तेव्हा मामा आत होता, त्याचे आधार २०२१ मध्ये निघाले. जानेवारी २०२१ मध्ये आई गेली. ती गेली तेव्हा तो उशाशी होता.

ऑक्टोबर २०२१ मध्ये अटकेला चौदा वर्षे झाली. त्या आठवड्यात मेव्हण्याने पेढे आणले, चौदा भरली म्हणून. घरातल्या एकालाही यात काही चुकते आहे असे वाटले नाही.

मे २०२२ मध्ये रजा संपल्याचा आदेश आला. मुलगी तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. तिने मोबाइलवर बातमी वाचली आणि बापाला मुदतीच्या आत कारागृहाच्या दारात नेऊन सोडले. त्याच तालुक्यातला दुसरा एक बंदी तीन आठवडे उशिरा गेला. त्याच्यावर कलम २२४ (कायदेशीर कैदेतून निसटणे) खाली नवा गुन्हा दाखल झाला आणि माफीही कापली गेली. मामा मात्र दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे, कागद आले की घरी, अशा समजुतीने आत गेला.

अडचण

मामी आमच्याकडे आली ती एकच प्रश्न घेऊन. "ताई, चौदा वर्षं होऊन वर्ष झालं. मग सोडत का नाहीत?"

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, ही समजूत गावोगावी आहे. कारागृहाच्या आतही आहे. कायदा तसा नाही. जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य, आणि सरकारने माफीचा आदेश काढल्याशिवाय सुटका नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. चौदाचा आकडा येतो तो दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ४३३-अ मधून. १९७८ च्या दुरुस्तीने आलेले हे कलम सांगते की, ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यातल्या जन्मठेपेच्या बंद्याला प्रत्यक्ष चौदा वर्षे भोगल्याशिवाय सोडता येणार नाही. म्हणजे चौदाला दार नुसते ठोठावता येते. ते उघडायचे कधी, हे राज्याच्या मार्गदर्शक सूचना ठरवतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही रचना कलम ४७३ ते ४७५ मध्ये तशीच आली आहे.

मामाला शिक्षा ऑगस्ट २०१० मध्ये झाली, म्हणून १५ मार्च २०१० च्या सूचना लागू होत होत्या. त्यांत खुनाच्या कारणांप्रमाणे श्रेणी आहेत, आणि जमिनीचा वाद व भाऊबंदकी यांची वेगळी श्रेणी आहे. तिच्या पोटातही फरक आहेत. एकट्याने, पूर्वी गुन्हा नसताना, रागाच्या भरात केलेले कृत्य असेल तर माफीसह भोगायची वर्षे कमी. ठरवून केले किंवा अनेकांनी मिळून केले असेल तर ती वाढत जातात.

अडचण म्हणजे तीन वेगळे गुंते होते आणि बाहेरून ते एकच वाटत होते. कोरोनाच्या रजेची दोन वर्षे धरायची की नाही? श्रेणी कोणती? आणि सुटल्यावर माणूस राहणार कुठे? पोलिसांच्या जुन्या अहवालात 'मृताच्या कुटुंबाची हरकत, गावात शांतताभंगाची शक्यता' असे लिहिलेले होते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय उच्च न्यायालयात रिट अर्ज करून दोन वर्षे धरून मागण्याचा. तो मोहात पाडणारा होता. त्या दोन वर्षांत मामा मोकळा नव्हता, दर महिन्याला ठाण्यात सही होती, आणि रजा साथीमुळे आली होती. मसुदा तयार केला. मात्र त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयात गोव्याच्या बंद्यांचे प्रकरण चालू होते. ५ जानेवारी २०२३ रोजी रोहन धुंगट विरुद्ध गोवा राज्य या निकालात न्यायालयाने सांगितले की, प्रत्यक्ष चौदा वर्षे मोजताना पॅरोलचे दिवस वगळायचे. गोव्याचे नियम वेगळे आहेत, साथीची रजा वेगळी आहे, असा युक्तिवाद आम्ही जपून ठेवला होता. मार्चमध्ये हरियाणाच्या अनिल कुमार प्रकरणात कोरोनाच्या रजेबद्दलही तेच ठरले आणि ही वाट बंद झाली.

मी मामीला हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ती दोन वर्षं गेली म्हणायची."

दुसरा पर्याय खुल्या कारागृहाचा. महाराष्ट्राला या बाबतीत जुनी परंपरा आहे. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत उभी राहिली, तिथे बंदी कुटुंबासह शेती करतात. पैठण, विसापूर इथे खुली कारागृहे आहेत. तिथे माफी बंद कारागृहापेक्षा बरीच जास्त मिळते, त्यामुळे माफीसहची मुदत लवकर भरते. २०१३ मध्ये मामाचे नाव निघाले होते आणि त्याने नकार दिला होता. थोरला भाऊ तेव्हा त्याच बराकीत होता, क्षयाने आजारी. त्याला एकटे टाकून जायचे नव्हते. २०१६ मध्ये भाऊ सुटला. त्यानंतर मामाला पुन्हा कुणी विचारले नाही, आणि मामानेही विचारले नाही. एकदा नाही म्हटले की दार बंद झाले, असे त्याने धरले होते. २०२२ मध्ये आम्ही हा पर्याय पुन्हा काढला, पण तिथली निवड आणि बदली यांत निदान आठ-दहा महिने जातील आणि मधल्या काळात सुटकेच्या प्रस्तावाची फाइल दोन कारागृहांत फिरत राहील, या भीतीने सोडून दिला. हा हिशेब बरोबर होता का, याबद्दल मला आजही शंका आहे.

तिसरा पर्याय श्रेणी तपासण्याचा. चौथा, मृताच्या घराशी बोलण्याचा. या दोन्हींकडे आम्ही उशिरा वळलो.

काय केले

रिटचा मसुदा आणि गोव्याच्या निकालाची वाट यांत पाच महिने गेले. मार्च २०२३ नंतर जाग आली आणि मी पहिल्यांदा कारागृहाच्या न्यायालयीन विभागात बसून मामाच्या शिक्षेचा तक्ता मागितला. कोणत्या तारखेपासून किती भोगली, किती माफी, किती रजा वजा, असा एका पानाचा तक्ता. तो एका जागी नव्हताच. माफीची नोंद एका वहीत, रजांची दुसरीकडे, कच्च्या कैदेचे, म्हणजे निकालाआधीच्या कैदेचे, दिवस वॉरंटवर. दोन लिपिक आणि मी अशा तिघांनी मिळून दोन दिवसांत तो तयार केला. प्रत्यक्ष चौदा वर्षे जानेवारी २०२४ मध्ये भरत होती. कमी वर्षांच्या श्रेणीत माफीसहची मुदत जुलै २०२४ मध्ये पुरी होत होती, वरच्या श्रेणीत २०२५ च्या अखेरीला.

हा तक्ता मी मामाला मुलाखतीच्या जाळीतून दाखवला. इतक्या वर्षांत आपल्या शिक्षेचा हिशेब त्याने पहिल्यांदा पाहिला. त्याने बोटाने एकेक ओळ वाचली. मग विचारले, "आई गेल्यावर मी माघारी आलो असतो, तर?"

मी मनात हिशेब केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो स्वतःहून हजर झाला असता तर सोळा महिने वाचले असते. ते मी त्याला सांगितले. न सांगणे मला जमले नसते. आईसाठी तो तरीही गेलाच असता, हे त्याने पुढे अनेकदा बोलून दाखवले. पण आई गेल्यावर तो बाहेर राहिला, ते हे दिवस मोजले जात आहेत या समजुतीवर.

प्रस्ताव बनू लागला तेव्हा दुसरी गोष्ट समोर आली. फाइलमध्ये सत्र न्यायालयाचा निकाल होता, उच्च न्यायालयाचा नव्हता. अपिलात शिक्षा कायम, एवढा शेरा होता. त्यामुळे मसुद्यात श्रेणी लिहिली गेली होती 'एकाहून अधिक व्यक्तींनी मिळून'. २०१६ च्या निकालाने तर हाच भाग पुसून टाकला होता. प्रमाणित प्रत काढून अधीक्षकांना दिली, अर्जात परिच्छेद क्रमांकांसह लिहिले की भांडण जागच्या जागी उफाळले आणि कृत्य एकट्याचे होते, असे न्यायालयानेच नोंदवले आहे. लिपिकाने प्रत लावून घेतली. मसुद्यातला श्रेणीचा रकाना मात्र बदलला नाही, आणि तो बदलला का हे मी पाहिले नाही. प्रत फाइलला लागली म्हणजे वाचली गेली, असे मी गृहीत धरले. ही माझी चूक.

प्रस्तावावर शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचा अभिप्राय मागवतात. तो आला दोन ओळींचा: गुन्हा गंभीर आहे, शिफारस नाही. राम चंदर विरुद्ध छत्तीसगड या एप्रिल २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे कारणाविना अभिप्राय पुरेसे नाहीत हे स्पष्ट सांगितले आहे. अभिप्राय देताना पाहायच्या गोष्टी लक्ष्मण नस्कर प्रकरणापासून ठरलेल्या आहेत: कृत्य व्यक्तिगत की समाजावर परिणाम करणारे, ते पुन्हा घडण्याची शक्यता, गुन्हा करण्याची क्षमता उरली आहे का, पुढे आत ठेवून काही साधणार आहे का, आणि कुटुंबाची स्थिती. नवा अभिप्राय मागण्याचा अर्ज केला. इथे कोरोनाच्या रजेची दोन वर्षे कामी आली. चोवीस महिन्यांच्या हजेरीच्या सह्या, एकही तक्रार नाही, दुकानमालकाचे पत्र, वेळेवर परत आल्याची नोंद. एरवी प्रत्येक बंद्याबद्दल 'बाहेर कसा वागेल' याचा अंदाज बांधावा लागतो. मामा बाहेर दोन वर्षे कसा वागला हे कागदावर होते. दुसरा अभिप्राय अनुकूल आला.

मृताच्या घरी

मृताची पत्नी मामाची चुलत भावजय लागते. शेत तीच कसते. पोलीस अहवालातली 'हरकत' तिची होती, पण ती नेमकी कशाला, हे कुणी विचारलेले नव्हते.

आम्ही भेटायचे की नाही यावर बरीच चर्चा झाली. आरोपीच्या वकिलाने विधवेच्या दारात जाणे म्हणजे दबावच, शब्द कितीही गोड असले तरी. शेवटी मी गेले नाही. जिल्हा परिवीक्षा अधिकारी गेल्या, सोबत ग्रामपंचायतीच्या एक महिला सदस्य होत्या. तंटामुक्त गाव समिती नावाला होती, अध्यक्ष मामाच्या भावकीतला, म्हणून तिला बाजूला ठेवले. हा निर्णय मी पुन्हाही असाच घेईन.

पहिल्या भेटीत बाई बोलल्या नाहीत. दुसऱ्या भेटीत म्हणाल्या, "तो सुटला हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एसटी स्टँडवर समोर उभा दिसला. पोरगं बरोबर होतं माझं." २०२० च्या घाईत बंद्यांची यादी पोलिसांकडे गेली, मृतांच्या घरी कुणी गेले नाही. त्या दिवसानंतर दोन महिने त्या शेतात एकट्या गेल्या नव्हत्या.

त्यांच्या मागण्या दोन होत्या. मामाने गावात राहू नये. आणि बांध सरकारी मोजणीने एकदाचा ठरवावा. दुसरी मागणी ऐकून आम्ही थक्क झालो. ज्या बांधावरून एक जीव गेला आणि दोन घरे उद्ध्वस्त झाली, त्याची मोजणी सोळा वर्षांत झालेली नव्हती. फौजदारी खटल्यात तो प्रश्नच नव्हता, आणि दिवाणीत कुणी गेले नव्हते.

गावात न राहण्याचे हमीपत्र द्यायला मामा तयार नव्हता. "शिक्षा भोगली ना? मग माझ्या घरात का राहू नको?" त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. कायद्यात अशी सक्ती नाही, आणि सुटलेल्या माणसाला त्याच्या गावातून हद्दपार करणारा पायंडा पडावा असे मलाही वाटत नाही. तीन मुलाखती यात गेल्या. शेवटी मुलीने त्याला पत्र लिहिले. पत्रात काय होते ते मी विचारले नाही. त्याने सही केली: पाच वर्षे तालुक्याच्या गावी राहीन, गावात गेलो तर ग्रामपंचायतीला आधी कळवीन. मोजणीची फी थोरल्या भावाने भरली.

पुन्हा उच्च न्यायालय

ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाचा आदेश आला. श्रेणी तीच, वरची. उच्च न्यायालयाच्या निकालाचा उल्लेखही नव्हता. म्हणजे मामा २०२५ च्या अखेरीपर्यंत आत.

ऑक्टोबरमध्ये रिट दाखल केले. या वेळी मुद्दा एकच ठेवला: शिक्षा आज ज्या निकालाखाली चालू आहे, त्या निकालाप्रमाणे श्रेणी ठरवा. दोन वर्षांचा प्रश्न मुद्दाम काढला नाही. सोबतचे वकील म्हणत होते की तोही जोडावा, काही गमवायचे नाही. माझे मत होते की हरणारा मुद्दा जोडला की जिंकणारा झाकतो. डिसेंबरमध्ये खंडपीठाने आदेश बाजूला ठेवला आणि अपिलातला निकाल पाहून आठ आठवड्यांत नव्याने ठरवायला सांगितले. फेब्रुवारी २०२५ मध्ये नवा आदेश निघाला, मार्चमध्ये जातमुचलक्यावर मामा सुटला. जुलै २०२४ धरला तर आठ महिने उशिरा.

निष्पत्ती

मामा फर्निचरच्या त्याच दुकानात आहे. आधार, बँक खाते आधीच होते, म्हणून इतर सुटलेल्यांची जी सहा-सहा महिने परवड होते ती टळली. रेशनकार्डावर नाव पुन्हा लागायला चार महिने गेले, मतदारयादीचे काम अजून व्हायचे आहे. सुतारकाम आत शिकलेले उपयोगी पडले, तरी बाहेर सगळे प्लायवूड आणि यंत्रावर आले आहे. मालकाच्या मुलाकडून तो ते शिकतो. कारागृहातल्या कमाईवर बंद्यांना कर्ज देणारी 'जिव्हाळा' योजना २०२२ मध्ये येरवड्यापासून सुरू झाली, सात टक्क्यांनी पन्नास हजारांपर्यंत. आत असताना घर चालावे म्हणून ती चांगलीच आहे. सुटल्यावर पहिल्या महिन्यात हत्यारे घ्यायला, भाड्याची खोली बघायला जो पैसा लागतो, तो मात्र मामीने स्वतःच्या भिशीतून काढला.

रात्री दिवा मालवून झोपणे त्याला अजून जमत नाही. बराकीत दिवा रात्रभर असतो.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठा धडा तक्त्याचा. दर वर्षी प्रत्येक जन्मठेपेच्या बंद्याला मराठीत एक पान मिळाले असते, आजपर्यंत प्रत्यक्ष किती, माफी किती, वजा काय आणि कोणत्या निकालाखाली कोणती श्रेणी, तर २०१३ चा नकार, २०२१ चे थांबणे आणि २०२३ ची चुकलेली श्रेणी या तिन्ही ठिकाणी मामाला डोळे उघडे ठेवून निर्णय घेता आला असता. कदाचित त्याने तेच निर्णय घेतले असते. भावासाठी थांबणे, आईजवळ राहणे यांना मी चूक म्हणणार नाही. पण किंमत माहीत नसताना ती मोजायला लावणे अन्यायाचे आहे.

कोरोनाच्या रजेच्या कागदावर एक ओळ हवी होती: हे दिवस शिक्षेत धरले जाणार नाहीत, तुम्ही केव्हाही परत हजर होऊ शकता. तेव्हा कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता हे मान्य. तरी अभिवचन रजेचा नियम जुनाच होता, आणि नावातच ती अभिवचन रजा होती.

आमच्या बाजूने पाहिले तर क्रम चुकला. मोठ्या घटनात्मक मुद्द्याच्या मागे लागून आम्ही साधा कागद पाच महिने पाहिला नाही. आता जन्मठेपेचे प्रकरण आले की पहिल्या दिवशी शेवटच्या न्यायालयाचा निकाल मागवतो, आणि प्रस्तावाचा मसुदा मंत्रालयात जाण्याआधी श्रेणीचा रकाना स्वतः वाचतो.

१८ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जिथे राज्याचे माफीचे धोरण आहे तिथे पात्र बंद्याने अर्ज केला नाही तरी त्याचा विचार करणे सरकारचे कर्तव्य आहे, आणि नकार दिला तर कारणे लिहून बंद्याला कळवायची. हे काही वर्षे आधी असते तर मामीला आमच्यापर्यंत यावे लागले नसते. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात राज्याच्या विधिमंडळाने कारागृहे व सुधारसेवांचे विधेयक मंजूर केले, १८९४ च्या कायद्याच्या जागी. त्याखालचे नियम लिहिताना दोन गोष्टी याव्यात असे मला मनापासून वाटते: शिक्षेचा वार्षिक तक्ता हा बंद्याचा हक्क म्हणून, आणि रजा किंवा सुटका होण्याआधी मृताच्या घरी प्रत्यक्ष जाऊन सांगणे हे नेमून दिलेल्या अधिकाऱ्याचे काम म्हणून. ते काम बंद्याच्या वकिलावर किंवा एखाद्या परिवीक्षा अधिकाऱ्याच्या भल्या स्वभावावर सोडता येणार नाही.

मोजणी मे २०२४ मध्ये झाली होती, मामा आत असतानाच. भूमी अभिलेखचा भूकरमापक आला, थोरला भाऊ आणि भावजय दोघे दोन टोकांना उभे होते. बांध साधारण दीड हाताने मामाच्या बाजूला सरकला. बाभूळ भावजयीच्या हद्दीत निघाली. थोरल्याने तिथेच सही केली, दगड रोवले गेले. पुढच्या मुलाखतीत मी मामाला हे सांगितले. तो म्हणाला, "बाभळ तिच्याकडंच गेली का? बरं झालं." मग त्याने विचारले की झाड अजून उभे आहे का. उभे आहे, असे मी सांगितले.